आयजीआरने मोठ्या पिसवांचं काय होतं?

झूलॉजीवाली:
सेमिनारला उंदरावरची पिसू म्हणजे झेनोप्सिला चिओपिस आणि इन्सेक्ट ग्रोथ रेग्युलेटर (आयजीआर, म्हणजे किड्यांची वाढ बिघडवणारी औषधं) असा विषय आलाय. जिथे बघावं तिथे एकच वाक्य, आयजीआर अळीची वाढ थांबवतं. मग मोठ्या पिसूवर काहीच परिणाम नाही का? प्लेग तर तीच पसरवते, अळी थोडीच चावते कोणाला.

किडेमाकोडे:
होतो की, चांगलाच होतो. मेथोप्रिन, पायरीप्रॉक्सिफेन ही आयजीआर म्हणजे ज्युव्हेनाइल हार्मोनची, किड्याला अळीच्या अवस्थेत ठेवणाऱ्या हार्मोनची नक्कल आहे. अळीत हे हार्मोन कमी झालं तरच पुढे कोषातून पिसू बनते, बाहेरून मिळत राहिलं की सगळं तिथेच अडकतं. पण मोठ्या मादीत रक्त प्यायल्यावर अंडी तयार व्हायला हेच हार्मोन लागतं, म्हणून ते अति झालं की जिथे त्याचं काम चालतं तिथेच नासधूस होते. मांजरावरच्या पिसूला पायरीप्रॉक्सिफेन देऊन बघितलंय, मधल्या आतड्याचं अस्तर, लाळग्रंथी, चरबीपेशी, अंडाशय सगळीकडे पेशी आतून स्वतःच स्वतःला पचवायला लागतात. हे सेमिनारमध्ये घेच, फार भारी मुद्दा आहे.

प्राणीमित्र_व्हेट:
यात लुफेन्युरॉन या दुसऱ्या आयजीआरची गल्लत करू नकोस, ते हार्मोनवालं नाही, ते कायटिन म्हणजे किड्याचं कवच ज्याचं बनतं ते बनू देत नाही. कुत्र्याला पोटातून दिलं की पिसू रक्तातून ते घेते, स्वतः जगते, पण तिच्या अंड्यातल्या अळीच्या डोक्यावर कवच फोडायचा जो बारीक दात असतो तो धड बनत नाही आणि अळी आतच मरते. आणि घरात मांजर असेल त्यांनी कुत्र्याचं परमेथ्रिनवालं औषध मांजराला चुकूनही लावू नका, जीव जातो.

झूलॉजीवाली:
थँक्यू दोघांना! मग प्लेगच्या साथीत नुसतं आयजीआर मारलं तर चालेल?

किडेमाकोडे:
अजिबात नाही. 1994 ला आपल्या बीडच्या मामला गावात प्लेग आला तसं कुठे झालं तर वेळच नसतो. प्लेगच्या जंतूंनी पिसूच्या पोटाचं तोंड बुजतं, रक्त आत जात नाही, ती उपाशीपोटी पुन्हा पुन्हा चावत सुटते आणि आयजीआर तर सावकाश काम करणारं. त्यामुळे आधी बिळांत मोठ्या पिसवा लगेच मारणारी पावडर, उंदीर त्यानंतर, नाहीतर उंदीर मेला की पिसवा माणसांवर येतात. आयजीआर सोबतीला ठेवायचं, कारण अळ्या बिळातच पिसवांच्या विष्ठेतलं वाळलेलं रक्त खाऊन वाढतात, ती पुढची पिढी त्याने तुटते.