मदत हवी आहे: विमानतळावरील सीटी स्कॅनरपासून फिल्म कशी वाचवावी?

नमस्कार. पुढील महिन्यात मुलीकडे ॲम्स्टरडॅमला जायचे असून सोबत कॅमेऱ्याच्या कृष्णधवल फिल्मचे, म्हणजे कोडॅक ट्राय-एक्स ४०० चे आठ आणि इलफर्ड डेल्टा ३२०० चे दोन रोल नेण्याचा विचार आहे. फिल्म चेक-इन सामानात ठेवू नये, हे मी एक रोल गमावून शिकलो आहे. धुतल्यावर निगेटिव्हवर नागमोडी पट्टे उमटले होते आणि पुतण्याच्या मुंजीचे एकही छायाचित्र धड हाती लागले नाही. हातातल्या सामानाच्या जुन्या एक्स-रे यंत्रातून कमी वेगाची (प्रकाशाला कमी संवेदनशील) फिल्म एकदोनदा गेली तर सहसा बिघडत नाही, पण ॲम्स्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळावर आता सीटी स्कॅनर (अधिक तीव्र एक्स-रे वापरणारी यंत्रे) आहेत आणि त्यांतून न धुतलेली फिल्म नेऊ नये, असे खुद्द कोडॅक सांगते. एक्स-रे अडवणाऱ्या शिशाच्या पिशवीवर माझा भरवसा नाही, कारण पडद्यावर काळा ठोकळा दिसला की ती उघडायलाच लावणार. म्हणून रोल डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवायचे आणि हाताने तपासण्याची विनंती करायची, असे ठरवले आहे.

मुंबईहून निघताना किंवा स्खिपोलहून परतताना कोणाची अशी विनंती मान्य झाली आहे का? तसेच, परतण्यापूर्वी ॲम्स्टरडॅममध्येच कृष्णधवल फिल्म धुऊन देणारी खात्रीची जागा कोणास ठाऊक असल्यास कृपया कळवावे.