नवीन लावलेले गुलाब माना टाकताहेत – पाणी कमी पडतंय की जास्त?

गच्चीवरची
रोपवाटिकेतून काळ्या पिशवीतली चार कलमी गुलाबाची रोपं आणली. सहा दिवसांपूर्वी १२ इंची प्लास्टिकच्या कुंड्यांत लावली. मिश्रण: निम्मी बागेतली माती, पाव शेणखत, पाव कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). कुंड्या गच्चीवर, दिवसभर ऊन. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी एक तांब्या पाणी. लावल्यावर दुसऱ्या दिवशी चमचाभर डीएपी (रासायनिक खत) टाकलं.
आताची अवस्था अशी:
१ आणि २ – दुपारी माना टाकतात, संध्याकाळी सातपर्यंत पुन्हा ताठ.
३ – सकाळीही मरगळलेलं, खालची पानं पिवळी होऊन गळताहेत, माती ओलीच.
४ – पानं कुरकुरीत, दोन फांद्यांचे शेंडे काळे.
ऑक्टोबरचं ऊन सुरू झालंय. पाणी वाढवू का?

काटेकोर
नका वाढवू. चारही रोपांना एकच उपाय चालणार नाही.
१ आणि २ ला फारसं काही झालेलं नाही. पिशवीतून काढताना पाणी ओढणारी बारीक केसासारखी मुळं तुटतात, पानं मात्र तेवढीच राहतात. भर दुपारी जितकं पाणी पानांतून उडतं तितकं मुळांना पुरवता येत नाही. संध्याकाळी रोप आपोआप सावरतं म्हणजे मुळं जिवंत आहेत. कुंड्या गच्चीच्या फरशीवरून उचला, खाली विटा द्या, कारण तापलेल्या फरशीने प्लास्टिकची कुंडी खालूनही शेकून निघते. आठ-दहा दिवस ५० टक्के सावली देणाऱ्या हिरव्या जाळीखाली किंवा पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत ठेवा, म्हणजे फक्त कोवळं ऊन मिळेल. असलेली फुलं आणि कळ्या सगळ्या खुडा. जीवावर येतं, पण मुळं धरेपर्यंत फूल हा रोपावरचा भार आहे. पानं मात्र ओरबाडू नका.
३ आणि ४ साठी आधी एक तपासणी करा. कुंडीच्या कडेला नाही, रोपाच्या बुंध्याजवळ, पिशवीतल्या मूळ मातीच्या गोळ्यात बांबूची काडी तीन-चार इंच खुपसा. दहा मिनिटांनी काढून बघा: ओली की कोरडी? आणि वास घ्या.

रोपवाटिकावाला
काडीचं बरोबर सांगितलंय. घोटाळा बहुतेक तिथेच असतो. पिशवीत चिकट तांबडी माती असते, ती एकदा वाळली की विटेसारखी होते. भोवती तुमचं भुसभुशीत कोकोपीट. वरून ओतलेलं पाणी गोळ्याला वळसा घालून कडेने खाली निघून जातं. बाहेर चिखल, आत ठणठणीत, आणि मुळं सगळी आत.
लावण्याआधी पिशवीसकट बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचं असतं. आता लावूनच झालंय, तर काडीने गोळ्यात चार-पाच भोकं पाडा आणि बुंध्यापाशी अर्धा लिटर पाणी अगदी हळूहळू, पंधरा मिनिटांत मुरवा. गोळा फोडू नका. गुलाबाला मोजकी जाड मुळं असतात, गोळ्याबरोबर तीही तुटतात.
आणखी एक बघा. कलम करताना डोळा, म्हणजे हव्या त्या गुलाबाचा कोंब, जिथे भरलाय तो सांधा मातीच्या वर दोन इंच हवा. त्याच्या खालून जोमदार फूट आली तर ती खुंटाची, म्हणजे ज्या दुसऱ्या गुलाबाच्या मुळावर कलम केलंय त्याची आहे. तिला गुलाबाचा जोर समजू नका, मुळाशी धरून तोडून टाका.

मातीमाय
गोळा अजिबात हलवू नका याच्याशी सहमत नाही. भिजवून मऊ केल्यावर बाहेरचा अर्धा सेंटिमीटर जेवणाच्या काट्याने खरवडला तर मुळं नव्या मातीत लवकर शिरतात. पण हे लावताना. आता, मलूल रोपाला नाही.
शेणखत कसलं होतं? हातात चुरगाळल्यावर मातीचा वास आला तर ठीक, शेणाचा आला तर ते कच्चं आहे. कच्चं शेण कुंडीत कुजताना तापतं, शिवाय हुमणीच्या अळ्या त्यातूनच येतात. डीएपी तर आत्ता नकोच होतं. खताच्या क्षारांमुळे मुळांकडे उलट पाण्याची टंचाई होते. वर दाणे दिसत असतील तर इंचभर माती खरवडून फेका.

गच्चीवरची
काडी घालून बघितली. ४ चा गोळा आत पूर्ण कोरडा! ३ मध्ये काडी चिकट, ओली आणि कुबट वास. शेणखताला शेणाचाच वास येतोय. डीएपीचे दाणे अजून वर आहेत, काढतेय. घरात एप्सम सॉल्ट आहे, देऊ का?

काटेकोर
एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मरगळीवर त्याचा काही उपयोग नाही. चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, ताक, सगळं महिनाभर लांब ठेवा.
४: सावलीत आणून वर सांगितल्याप्रमाणे गोळा मुरवा. मग नखाने फांदीची साल किंचित खरवडा. आत हिरवं म्हणजे जिवंत, तपकिरी म्हणजे गेलेली. काळ्या भागाच्या एक इंच खाली, हिरवं लाकूड दिसेल तिथे, बाहेर वळलेल्या डोळ्याच्या वर तिरका काप द्या. कात्री प्रत्येक कापानंतर स्पिरिटने पुसा, नाहीतर रोग तुम्हीच पुढच्या फांदीवर न्याल. कापलेल्या टोकाला कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पेस्ट.
३: हे आज संध्याकाळीच उपसा. चांगलं मूळ टणक आणि टोकाशी पांढरट असतं. सडलेलं चिमटीत धरलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते. तेवढी मुळं कापा. मूळ जेवढं गेलं त्या मानाने फांद्याही छाटा, साधारण एक तृतीयांश. नवं मिश्रण: दोन भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग जुनं गांडूळखत. कोकोपीट नको, ते पाणी धरून ठेवतं. कुंडीची भोकं मोकळी आहेत ना बघा, खाली ताटली असेल तर काढा. लावल्यावर एकदा कार्बेन्डाझिम (हेही बुरशीनाशक), लिटरला एक ग्रॅम, मुळाशी ओता. हातमोजे घाला.

मातीमाय
१ आणि २ मध्येही तेच कच्चं शेण आहे. पण ती सावरताहेत, म्हणून आता उपसू नका. दोनदा मुळं दुखावणं जास्त वाईट. फक्त वरचा थर काढून तिथे साधी माती घाला.
पाण्याचं वेळापत्रक विसरा. बोट दोन इंच आत घालून कोरडं लागलं तरच पाणी, तेही सकाळी आणि खालून निघेपर्यंत.

रोपवाटिकावाला
तांबूस फूट येऊन तिची दोन पानं पूर्ण उलगडली की मूळ धरलं समजा. तेव्हापासून जाळी रोज तासभर उशिरा ओढा. खत त्यानंतर दोन आठवड्यांनी: दोन मुठी गांडूळखत, बस. ३ ची जुनी पानं सगळी गळाली तरी रोप फेकू नका, खोडाची साल हिरवी आहे तोवर तीन-चार आठवडे थांबा. बिनपानाच्या रोपाला पाणी मात्र आणखी कमी लागतं, नेमकं तेव्हाच लोक जास्त घालतात.