गोचिडांची अंडी पिचकतात, अळ्या निघत नाहीत : उष्णता, ओलाव्याची कमतरता की फवारणी?

नमस्कार. मी चाळीसगाव तालुक्यातील असून एम.एस्सी.च्या (प्राणिशास्त्र) प्रकल्पासाठी गुरांवरील गोचिडांचे जीवनचक्र प्रयोगशाळेत नोंदवीत आहे. भाद्रपदात गोळा केलेल्या माद्यांची अंडी व्यवस्थित उबली. चैत्रातील तुकडीची जवळजवळ सर्व वाया गेली.

दोन्ही वेळी सकाळच्या धारेच्या सुमारास गाईंच्या कासेवरून व शेपटीखालून रक्त पिऊन टम्म फुगलेल्या माद्या अलगद सोडवल्या, पाण्याने धुऊन टिपकागदावर कोरड्या केल्या आणि एकेकीचे वजन करून, मलमल बांधलेल्या स्वतंत्र काचनळीत ठेवल्या. लांब मुखांगांचे, पायांवर फिकट पट्टे असलेले हायलोमा गटातील गोचीड बाजूला काढले, कारण त्यांच्या अळ्या पोसायला ससे लागतात आणि तशी परवानगी आमच्याकडे नाही. उरलेले सर्व मायक्रोप्लस (गुरांवरील गोचिडांची एक जात, Rhipicephalus microplus) होते. हा गोचीड अळीपासून भरल्या मादीपर्यंतचे सुमारे 21 दिवस एकाच जनावरावर काढतो, त्यामुळे अंडी ते अळी हा बाहेरचा टप्पा जनावर न बाळगताही पाहता येतो.

चैत्रातही अंडी तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून भरपूर पडली. भिंगाखाली मादी मुखांग पोटाकडे वाकवते, डोक्याजवळून पांढुरकी पिशवी बाहेर येते आणि अंड्याला मेणचट लेप देऊन ते पुढे सरकवते. हे पाहण्यात माझा एक तास गेला. अंडी तपकिरी, चकचकीत, एकमेकांना चिकटलेली होती. दहाव्या दिवसापासून मात्र त्यांवर खळगे पडू लागले, चकाकी गेली, आणि चाळीस दिवस थांबूनही फक्त दोन नळ्यांत थोड्या अळ्या निघाल्या. भाद्रपदात 24व्या दिवशीच सहा पायांच्या अळ्यांचे झुपके मलमलीखाली जमले होते.

सर्वत्र 27 ते 28 अंश तापमान व 80 ते 85 टक्के आर्द्रता सांगितलेली आढळते. आमचे इन्क्युबेटर फक्त तापवते, गार करत नाही. खानदेशातल्या एप्रिलमध्ये त्याचा काय उपयोग! दुपारी खोलीत पारा 38 च्या वर जाई, म्हणून नळ्या ठेवलेला डेसिकेटर (घट्ट झाकणाचे काचपात्र) ओल्या वाळूच्या रांजणात ठेवला. त्यात मिठाचे संपृक्त द्रावण होते, म्हणजे आर्द्रता 75 टक्क्यांच्याच आसपास राहणार. मेणाचा लेप असूनही अंडी सुकली ती यामुळेच, असा माझा कयास होता.

परंतु परवा गोठ्याचे मालक आबा सहज म्हणाले की, मी गोचीड नेण्याच्या आठवडाभर आधी त्यांनी गाईंवर औषध फवारले होते. कोणते, ते त्यांना आठवत नाही. काही गोचीडनाशकांनी मादी जगते, अंडीही घालते, पण ती उबत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तेवढे आधी विचारायचे मात्र सुचले नाही.

जाणकारांना विनंती अशी की, सुकल्यामुळे पिचकलेले अंडे आणि औषधाच्या परिणामाने मेलेले अंडे भिंगाखाली वेगळे ओळखता येते का? पुढच्या वेळी न फवारलेल्या गाईवरील एकेका मादीची अंडी विभागून निम्मी मिठाच्या आणि निम्मी पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणावर (सुमारे 85 टक्के) ठेवण्याचा विचार आहे. तेव्हा बुरशी धरू नये म्हणून काय करावे? आणि रांजणातील तापमान दिवसरात्र चार-पाच अंशांनी हलते, तेवढे चालेल का?