खोकल्यानंतर तोंड आले आणि फोड उठले : ही औषधाची ॲलर्जी की संसर्गाचा परिणाम?

रामबागकर, इंदूर

नमस्कार. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. गेल्या आठवड्यात त्याला ताप आणि कोरडा खोकला होता, म्हणून ॲमॉक्सिसिलिन सुरू केले. त्यानंतर ओठ सुजून त्यांची साले निघू लागली, तोंडात आतून पांढरट व्रण आले, डोळे लाल झाले आणि हातापायांवर मोजके फोड उठले. सासूबाई माता (कांजिण्या) निघाल्याचे म्हणतात, शेजारच्या ताई हात-पाय-तोंडाचा आजार सांगतात, तर एका डॉक्टरांच्या मते ही औषधाची ॲलर्जी आहे. एरवी पोह्यांवर शेव मागून घेणारा मुलगा आता गार दूधसुद्धा नको म्हणतो. केवळ संसर्गामुळे असे होऊ शकते का? आणि पेनिसिलिन गटाची औषधे त्याला जन्मभर वर्ज्य समजायची का?

बालरोगतज्ज्ञ, इंदूर

ताई, तोंड आणि डोळे एकाच वेळी दुखावलेले आहेत, शिवाय मूल पीत नाही. म्हणून त्याला आजच रुग्णालयात न्या. एम. वाय. रुग्णालयासारख्या, बालरोग, त्वचा आणि नेत्र या तिन्ही शाखांचे डॉक्टर मिळतील अशा ठिकाणी नेलेले बरे. तेथे निर्णय होईपर्यंत ॲमॉक्सिसिलिनचा पुढचा डोस देऊ नका.

होय, संसर्गामुळे असे होऊ शकते. मायकोप्लाझ्मा न्यूमोनी या जंतूमुळे, आणि काही वेळा इन्फ्लूएंझा, ॲडिनोव्हायरस किंवा कोविडनंतरही, शरीराची प्रतिकारयंत्रणा ओठ, तोंड, डोळे आणि लघवीची जागा येथील नाजूक अस्तरावर उलटते. या आजाराला ‘राइम’ म्हणतात. मायकोप्लाझ्मामुळे हा आजार झालेल्या २०२ रुग्णांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ९४ टक्के रुग्णांच्या तोंडाला आणि ८२ टक्क्यांच्या डोळ्यांना त्रास झाला होता, रुग्णांचे सरासरी वय सुमारे १२ वर्षे होते, आणि सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या अंगावर पुरळ नव्हतेच. तोंडाची अवस्था वाईट आणि त्वचेवर मोजकेच फोड, ही विसंगतीच या आजाराकडे बोट दाखवते.

कांजिण्यांचे खाजरे फोड छातीपोटावर टप्प्याटप्प्याने येतात, आणि ओठांची अशी साले निघत नाहीत. हात-पाय-तोंडाचा आजार बहुधा पाच वर्षांखालील मुलांना होतो आणि त्यात डोळे सहसा वाचतात. खरी शंका उरते ती औषधामुळे होणाऱ्या स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमची. तो बहुधा औषध सुरू केल्यापासून ४ ते २८ दिवसांत होतो आणि त्यात त्वचा मोठ्या प्रमाणावर सुटू शकते. म्हणून ताप, खोकला, औषधाचा पहिला डोस आणि पहिला व्रण यांच्या तारखा कागदावर लिहून न्या. दुखण्यासाठी किंवा तापासाठी दिलेली इतर औषधेही त्यात नोंदवा, कारण आयब्युप्रोफेनसारखे औषध नोंदीतून सहज सुटते.

सयाजीगंज, वडोदरा

माझ्या पुतणीला हाच आजार झाला होता, म्हणून दोन गोष्टी आवर्जून सांगते. डोळ्यांची लाली साधी समजू नका. पापणी आतून डोळ्याला चिकटू लागली तर पुढे दृष्टीला त्रास होऊ शकतो, म्हणून नेत्रतज्ज्ञांनी तिला रोज तपासले. दुसरे म्हणजे लघवी करताना जळजळ होते का, हे मुलाला एकांतात विचारा, कारण या वयाची मुले लाजेने ते सांगत नाहीत. खाण्यात तिला गार पेज, बिनमसाल्याचे ताक आणि मऊ वरण-भात चालत असे, तेही डॉक्टरांनी दिलेले बधिर करणारे जेल लावल्यानंतर. तिला काही दिवस सलाइनवर ठेवावे लागले.

रामबागकर, इंदूर

आपले दोघांचे मनापासून आभार. आम्ही निघतोच आहोत. जंतू मायकोप्लाझ्मा निघाला तर ॲलर्जीचा प्रश्न मिटेल का?

बालरोगतज्ज्ञ, इंदूर

बहुतांशी उलगडेल, पण तो निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांवरच सोडा. घशातील नमुन्याची पीसीआर तपासणी, रक्तातील प्रतिपिंडे आणि छातीचा एक्स-रे यांचा एकत्रित विचार करतात. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका नसते आणि ॲमॉक्सिसिलिन नेमके तिच्यावरच काम करते, म्हणून या जंतूसाठी ॲझिथ्रोमायसिनसारखी औषधे देतात. स्टेरॉइड द्यायचे का, हे मुलाची अवस्था पाहून ठरते. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचा शिक्का पुराव्यावाचून फाइलवर बसला, तर पुढे गरजेच्या वेळी चांगले औषध हातचे जाते, आणि ॲलर्जी खरी असताना तो पुसला गेला तर धोका त्याहून मोठा. म्हणून मूल बरे झाल्यावर ॲलर्जीतज्ज्ञांचे मत लेखी घ्या आणि तोपर्यंत घरी ते औषध देऊन पाहू नका. हा आजार काही मुलांना पुन्हा होतो. पुढे ताप-खोकल्यासोबत ओठ सुजू लागले, तर हीच फाइल घेऊन लगेच जा.