ऑपरेशनची चेकलिस्ट: सक्ती हवी की नको?

सातारकर: मेहुण्याचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. सकाळी संमतीच्या सहीसाठी फाइल हातात आली, म्हणून चाळली. आत सुरक्षा चेकलिस्ट होती, आणि तिच्यात शेवटचा रकानाही भरलेला! 'गॉझ मोजले, हत्यारं मोजली, बरोबर' अशा सगळ्या टिका एकाच पेनाने. मेहुणा अजून कॉटवर बसून चहा मिळत नाही म्हणून कुरकुरत होता. ऑपरेशन छान झालं, तक्रार त्याची नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली ही 19 मुद्द्यांची यादी आणली ती भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी थांबून मोठ्याने वाचायला. माझं मत, ती कायद्याने सक्तीची करा आणि आधीच भरून ठेवली तर दंड लावा.

नाठाळ सर्जन: दंड लावलात की टिका आणखी सुबक येतील, एवढंच. कॅनडात ऑन्टारिओ प्रांताने सक्ती करून पाहिली. 101 रुग्णालयांचे आकडे 2014 साली आले: मृत्यूचं प्रमाण 0.71 टक्क्यांवरून 0.65. म्हणजे फरक नाहीच म्हणा. इथे ग्राहक न्यायालयात पहिल्यांदा फाइल मागतात, त्यामुळे फाइल पेशंटपेक्षा वकिलासाठी भरली जाते. आणि तालुक्याच्या गावी एकच भूलतज्ज्ञ तीन दवाखाने सांभाळतो. रात्री दोनला सीझर आलं तर वाचन कोणी करायचं?

सातारकर: आकडे दोन्ही बाजूंचे सांगा की, डॉक्टर. 2009 चा पहिला अभ्यास आठ शहरांतल्या रुग्णालयांचा होता, त्यात दिल्लीही होती. मृत्यू 1.5 वरून 0.8 टक्के, गुंतागुंत 11 वरून 7. त्यामागचे अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे मूळचे आपल्या यवतमाळकडच्या घरातले, म्हणून नाही सांगत हो!

नाठाळ सर्जन: त्या आठ ठिकाणी लोक हौसेने उतरले होते, शिकवायला माणसं होती. हौस जीआर काढून येत नाही.

निवृत्त ओटी सिस्टर: दोघांनी मॉप, म्हणजे पोटातलं रक्त टिपायच्या कापडाच्या घड्या, मोजलेत का कधी? पाच-पाचचे गठ्ठे, फळ्यावर आकडा. पोट उघडं असताना मध्येच दोन जादा मागतात, तेही लिहायचे. रक्ताने भिजलेले बादलीत एकमेकांना चिकटतात, ते सोडवून पसरून मोजायचे. तेवढ्यात ड्यूटी बदलते. शेवटी एक कमी भरला की सर म्हणतात, "पोटात नाही, नीट मोज." तिथे "सर, टाके घालू नका" म्हणायला नव्या मुलीची जीभ रेटत नाही. यादीचा उपयोग एवढाच, की ती मुलगी उद्धट ठरत नाही, नियम सांगत असते. म्हणून सक्ती हवी.

आणि एक. मॉप सापडलाच नाही तर एक्स-रे काढतात. पण एक्स-रेवर दिसणारा धागा विकतच्या चांगल्या मॉपमध्ये असतो. थानातून कापून घरी शिवलेल्यात कुठून येणार? स्वस्त पडतं म्हणून बऱ्याच ठिकाणी अजून तेच चालतं.

नंदू: ओटीत कॅमेरे लावा, विषय संपला.

निवृत्त ओटी सिस्टर: बाबा, टेबलावर तुझी आई झोपलेली असली तर?

नाठाळ सर्जन: सिस्टर, धाग्याच्या मॉपची सक्ती आणा, आज सही करतो. वस्तू तपासता येते, कपाट उघडलं की दिसते. वाचन खरंच झालं की नाही, हे तपासणार कोण?

सातारकर: पहिलं वाचन पेशंट शुद्धीत असतानाच होतं ना? नाव काय, ऑपरेशन कसलं, कुठल्या बाजूचं, हे त्यालाच विचारायचं असतं. मग डिस्चार्जच्या वेळी विचारा त्याला, हे विचारलं होतं का म्हणून. मेहुण्याला मी विचारलं. बाजूवर पेनाने खूण केली होती म्हणाला, नावही विचारलं.

नाठाळ सर्जन: म्हणजे टिका आधीच मारलेल्या, तरी काम झालंच की!

निवृत्त ओटी सिस्टर: पहिलं झालं, सर. शेवटच्या वाचनाला पेशंट भुलीत असतो.