टचस्क्रीन शिकवताना मुलाच्या हातावरचा माझा हात कसा सोडवू?

नमस्कार मंडळी, मी नागपुरात एका विशेष शाळेत शिकवते. वर्गातली मुलं १२ ते १६ वयाची, तीव्र बौद्धिक अक्षमता असलेली. बहुतेकांना बोलता येत नाही. हाताशी साधे अँड्रॉइड टॅब आहेत.

कुठेही हात लावला की रंग उमटतो, आवाज येतो, एवढं सगळ्यांना कळलंय. गाडी अडली आहे ती त्याच्या पुढे, ठरावीक चित्रावर बोट लावण्यात.

एक मुलगा पूर्ण पंजा ठेवतो आणि उचलतच नाही. टॅबला ते दाबून धरणं वाटतं, भलतंच काही उघडतं किंवा काहीच होत नाही. मग तो अजून जोर लावतो. स्क्रीनला जोर कळत नाही, फक्त स्पर्श कळतो; हे त्याला कसं समजावणार? त्याची आई सांगते, "मॅडम, घरी मोबाईल दिला का दाबूनच राहते हा."

ॲप पिन करून ठेवलंय, म्हणजे सहज बाहेर पडता येत नाही. सेटिंगमध्ये दाबून धरण्याचा वेळ वाढवलाय. लाळेचा थेंब पडला तरी स्क्रीन त्याला बोट समजते, म्हणून शेजारी सुती फडकं असतंच. टॅब तिरका ठेवल्यावर मनगट टेकणं बरंच कमी झालं.

आता खरी अडचण. मी त्याचं मनगट धरलं की बोट बरोबर चित्रावर जातं. सोडलं की तो थांबतो आणि माझ्याकडे बघतो. ही सवय मोडायला हवी. मनगटावरून कोपरावर, मग नुसती खूण, असा आधार कमी करत गेलात का? आणि तो थांबला की तुम्ही किती वेळ गप्प बसता? मला तो वेळ पाळणं फार जड जातं.

आयपॅडमध्ये पहिला स्पर्श जिथे झाला तीच जागा धरायची सोय आहे. अँड्रॉइडवर तसं काही कोणी वापरलंय का? बोट सरकवणं सध्या बाजूला ठेवलंय, ते आधी घ्यायला हवं होतं असं वाटत असेल तर तेही सांगा.

एवढा जीव का टाकतेय, तर पुढे मला त्यांना आयआयटी मुंबईत तयार झालेल्या जेलोसारख्या चित्रांच्या ॲपवर न्यायचंय. ते मराठीत बोलतं. पाणी हवंय, पोट दुखतंय, एवढं जरी या पोराला स्वतःच्या बोटाने सांगता आलं तरी घरच्यांचा निम्मा दिवस सोपा होईल. ज्यांनी अशाच मुलांबरोबर काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पालकांचे अनुभवही हवेत.