पहिल्या दहा सामन्यांवरून फुटबॉल संघाची खरी ताकद कशी ओळखावी?

काळीमाती (दारव्हा तालुका, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. आमच्या गावात इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे फुटबॉल सामने मोबाइलवर नियमित पाहणारे आम्ही सात-आठ जण आहोत. दरवर्षी कोजागिरीच्या रात्री, दूध आटेपर्यंत, आम्ही अंतिम क्रमवारीचा अंदाज एका वहीत लिहून ठेवतो आणि ज्याचा अंदाज सर्वाधिक चुकतो, त्याने मे महिन्यात सर्वांना तर्री-पोहे खाऊ घालायचे, असा नियम आहे. 2023 च्या कोजागिरीला टॉटनहॅम 10 सामन्यांत 8 विजय आणि 2 बरोबरी अशा 26 गुणांसह अव्वल होता, म्हणून मी त्यालाच विजेता लिहिले. तो 66 गुणांवर, पाचव्या क्रमांकावर थांबला आणि पोहे माझ्याकडे लागले. गुणतक्त्यावर विश्वास नेमका केव्हापासून ठेवावा, आणि तोपर्यंत काय पाहावे?

शिट्टीवाले गुरुजी (आर्वी)

काळीमाती भाऊ, गुण किती झाले यापेक्षा ते कोणाविरुद्ध झाले, हे मी आधी पाहतो. 2021-22 मध्ये आर्सेनलने पहिले तीनही सामने गमावले, एकही गोल केला नाही आणि नऊ स्वीकारले. परंतु त्या तिघांपैकी दोन प्रतिस्पर्धी चेल्सी आणि मँचेस्टर सिटी होते, आणि सिटीविरुद्ध पहिल्या सत्रातच आर्सेनलच्या एका खेळाडूला लाल कार्ड मिळून मैदान सोडावे लागले होते. तोच संघ अखेरीस 69 गुणांसह पाचवा आला. आपल्याकडेही 2024-25 च्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) बेंगळुरूने सुरुवातीलाच मोहन बागानला 3-0 असे हरवले होते, पण अखेरीस 56 गुणांसह गुणतक्त्यातील अव्वल संघाला मिळणारी शील्ड बागाननेच जिंकली.

दुसरे असे की, गोलांपेक्षा संधी मोजाव्यात. ‘अपेक्षित गोल’ म्हणजे एक्सजी हे माप प्रत्येक फटक्याला तो गोल होण्याच्या शक्यतेनुसार किंमत देते. पेनल्टीला साधारण पाऊण गोल मिळतो, तर लांबून मारलेल्या फटक्याला शंभरातले जेमतेम तीन-चार भाग. तीन लांबच्या फटक्यांवर जिंकलेला संघ तशाच पद्धतीने पुन्हा पुन्हा जिंकेल, असे मी मानत नाही. मात्र आघाडी घेतलेला संघ मुद्दाम मागे सरून खेळतो आणि समोरच्याच्या संधी वाढतात, त्यामुळे एका सामन्याच्या एक्सजीवरही निकाल देऊ नये.

तुमच्या टॉटनहॅमबद्दल एवढेच म्हणेन की सगळी चूक तुमच्या पारखीची नव्हती. अकराव्या सामन्यात चेल्सीविरुद्ध त्यांच्या दोन बचावपटूंना लाल कार्डे मिळाली आणि त्यांचेच मॅडिसन व व्हान दे व्हेन हे खेळाडू जखमी झाले. ते कोजागिरीला कोणाला दिसणार होते?

वजनकाटा (मूर्तिजापूर)

गुरुजींच्या म्हणण्याला थोडा हिशोब जोडतो. समजा एका संघाची प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता 50 टक्के, बरोबरीची 25 आणि हरण्याची 25 टक्के आहे. विजयाला 3 आणि बरोबरीला 1 गुण, म्हणून त्याची सरासरी प्रति सामना 1.75 गुण पडते, म्हणजे 10 सामन्यांत 17.5. तरीही खेळ जराही न बदलता, केवळ योगायोगाने, त्याचे गुण तीनपैकी दोनच वेळा 14 ते 21 च्या दरम्यान राहतील आणि उरलेल्या वेळी त्याबाहेर जातील. वीस संघांच्या लीगमध्ये एखादा असा बाहेर जाणारा सापडणारच, आणि आपले लक्ष नेमके त्याच्याकडेच जाते.

म्हणून मी चालू गुणांत मागच्या हंगामाच्या सरासरीचे 10 काल्पनिक सामने मिसळतो. टॉटनहॅमचे 2022-23 मध्ये 38 सामन्यांत 60 गुण होते, म्हणजे दहा सामन्यांचे सुमारे 15.8. त्यात 26 मिळवून 20 ने भागले की 2.09 येतात. उरलेल्या 28 सामन्यांना तोच दर लावल्यास एकूण साधारण 84 ते 85 गुण होतात. सरळ गुणाकार केला असता, तर 99 आले असते. माझाही अंदाज 66 पेक्षा बराच वर राहिला, हे कबूल. पण मृगाच्या पहिल्या दोन सरींवर सगळे बियाणे जमिनीत टाकण्यापेक्षा हे बरे.

आडवाटेचा (ब्रह्मपुरी)

वजनकाटा भाऊ, तुमच्या काट्यावर 2016-17 चा चेल्सी ठेवून पाहा. आदल्या हंगामात तो 50 गुणांसह दहावा होता आणि सहा सामन्यांनंतर त्याचे 10 गुण झाले होते. तुमच्या सूत्राने त्याला 56 गुण मिळतात. प्रत्यक्षात तो 93 गुणांसह विजेता झाला. सहाव्या सामन्यात आर्सेनलकडून 0-3 हरल्यावर नवे प्रशिक्षक कॉन्टे यांनी तीन मध्यवर्ती बचावपटूंची रचना आणली आणि पुढचे सलग 13 सामने जिंकले. त्या वर्षी युरोपीय स्पर्धा नसल्याने आठवड्याच्या मध्ये त्यांना विश्रांतीही मिळत होती. शिवाय हाच संघ दोन वर्षांपूर्वी विजेता होता, तेव्हा मागचे एकच वर्ष धरणे मला अपुरे वाटते. प्रशिक्षक बदलला असेल तर जुन्या हंगामाचे वजन निम्म्यावर आणावे, असे माझे मत आहे.

वजनकाटा (मूर्तिजापूर)

मान्य आहे. निदान तीन हंगामांची सरासरी घ्यायला हवी. प्रशिक्षकासाठी वजन कमी करण्याबाबत मात्र मी साशंक आहे, कारण नवा प्रशिक्षक येऊनही काहीच न बदललेले संघ आपल्या लक्षात राहत नाहीत.

काळीमाती (दारव्हा तालुका, यवतमाळ)

सर्वांचे आभार. रात्री मी हेच सूत्र गुरुजींच्या आर्सेनलला लावून पाहिले. आदल्या हंगामाचे 61 गुण आणि तीन सामन्यांतले शून्य धरून 43 आले, म्हणजे 26 गुणांची चूक, कारण सूत्राला समोर कोण होते हेच ठाऊक नव्हते. तेव्हा यंदा वहीत प्रत्येक संघापुढे, झालेल्या सामन्यांतील प्रतिस्पर्ध्यांचे मागील क्रमांक लिहिण्यासाठी एक रकाना वाढवतो आहे. खालच्या लीगमधून बढती मिळून वर आलेल्या तीन संघांचा रकाना तूर्त कोरा ठेवला आहे. त्यांच्यासाठी कोणता आकडा धरावा, हे कोणी सुचवल्यास बरे होईल.